ओळखीच्या शब्दांचा दगा

अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी दिल्या जाणाऱ्या जीआरई परीक्षेच्या शाब्दिक विभागात, म्हणजे इंग्रजी शब्दज्ञान आणि वाचन तपासणाऱ्या भागात, मराठी माध्यमाचा परीक्षार्थी अवघड शब्दांपुढे मार खातो, ही समजूत अर्धीच खरी आहे. प्रस्तुत लेखकाला मार बसला तो आठवीपासून ओळखीच्या असलेल्या शब्दांकडून, आणि ती सल अद्याप गेलेली नाही.

ऑगस्ट २०११ पूर्वी या विभागात विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसादृश्य, म्हणजे एका जोडीतील नाते दुसऱ्या जोडीत शोधणे, असे प्रश्न असत, त्यामुळे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुने मार्गदर्शक आणून त्यातील सुमारे ३५०० शब्दांची यादी घोकणे हीच तयारी मानली जाई. प्रस्तुत लेखकाने त्यांतील निम्म्याहून अधिक शब्दांची कार्डे करून चपलांच्या खोक्यात भरली, आणि तेवढ्यात परीक्षेचे स्वरूप बदलून ते दोन्ही प्रकार वगळले गेले.

त्यांच्या जागी जे आले त्यांत वाक्य-समतुल्यता हा प्रकार विशेष जाचक होता. त्यात एका रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे असतात, की कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ सारखाच राहावा. दोहोंपैकी एक चुकला तरी गुण शून्य, अर्ध्या गुणाची सोय नाही. एका सरावप्रश्नाचा आशय असा होता, की परीक्षणातील स्तुती इतकी ‘क्वालिफाइड’ होती, की लेखिकेला ती अमुक वाटली. ‘टेपिड’ आणि ‘ल्यूकवॉर्म’, म्हणजे कोमट, हे शब्द पर्यायांत होते आणि त्यांची कार्डेही पाठ होती, तरी उत्तर म्हणून निवडले गेले ते ‘हार्टनिंग’ आणि ‘एन्करेजिंग’, म्हणजे उमेद देणारे. कारण डॉक्टरच्या पाटीवर, शिकवणीच्या जाहिरातीत आणि लग्नाच्या स्थळांत आयुष्यभर भेटलेला ‘क्वालिफाइड’ हा केवळ पात्रताधारक होता, आणि अशा अधिकारी समीक्षकाने केलेली स्तुती उमेद देणारच, असे गृहीत धरले गेले. त्या वाक्यात मात्र त्या शब्दाचा अर्थ हातचे राखून केलेली, अटी घातलेली, असा होता. खोक्यात ‘क्यू’ या अक्षराखाली ‘क्विक्सॉटिक’चे कार्ड होते, ‘क्वेरुलस’चे होते, ‘क्वालिफाय’चे करण्याची गरजच वाटली नव्हती.

ओळखीचे वाटून दगा देणारे शब्द आणखीही निघाले. ‘अपॉलॉजिस्ट’ म्हणजे माफी मागणारा नव्हे, तर एखाद्या मताची कैफियत मांडणारा. ‘वाँट’ म्हणजे इच्छेप्रमाणेच उणीवही. मराठी माणसाला हा प्रकार खरे तर नवा नसावा, कारण हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे दंड नव्हे आणि ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा नव्हे, हे त्याला लहानपणीच कळते. परंतु हिंदी कानावर पडताना जो सावधपणा जागा असतो, तो पाट्या आणि अर्ज यांतून शिकलेल्या इंग्रजीबाबत कधी जागाच होत नाही. भारतात इंग्रजी रुजली, तिने आपले अर्थ घडवले, आणि परीक्षेने त्या अर्थांकडे पाहिलेही नाही, हा अन्यायच म्हटला पाहिजे. शिवाय चार वर्षे इंग्रजीतून अभियांत्रिकी शिकलेल्याकडे अनेक विद्यापीठे टोफेल ही इंग्रजीची वेगळी परीक्षाही मागत, तिचे शुल्क निराळेच.

तयारी करणाऱ्याने यादीपेक्षा इंग्रजी नियतकालिकांतील पुस्तक-परीक्षणे वाचावीत आणि माहीत वाटणारा शब्दच कोशात आधी पाहावा, असे अनुभवान्ती सुचवावेसे वाटते. तरीही यादी वाया गेली असे म्हणता येत नाही: ‘लकॉनिक’, म्हणजे मितभाषी, हा शब्द स्पार्टाच्या लॅकोनिया प्रदेशातील मोजके बोलणाऱ्या लोकांवरून आला, हे एका कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिताना झालेला आनंद परीक्षेच्या कामी आला नाही, पण तो टिकला. पुढे भाच्याने तो खोका मागितला, तेव्हा घोकंपट्टीच्या निरर्थकतेवर त्याला अर्धा तास ऐकवून झाल्यावरही खोका देण्याचे मन झाले नाही.