वहीतली शून्यं

बेंगळुरूला पोस्टिंग आली की आनंद दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी घर शोधायला निघावं लागतं. सरकारी क्वार्टरची वेटिंग लिस्ट लांबलचक होती, म्हणून आम्ही इंदिरानगरात भाड्याने राहिलो. ज्यांनी हे शहर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे दहा-दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून आधी ठेवून घ्यायची जुनी रीत आहे. हल्ली ती थोडी सैल झाली आहे एवढंच. आमचे घरमालक हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांनी माझं आयकार्ड पाहिलं, दोन महिन्यांवर भागवलं आणि वर फिल्टर कॉफी पाजली. वर्दीची किंमत निवृत्तीनंतर कळते म्हणतात. मला आधीच कळली.

इंदिरानगर हे सत्तरच्या दशकात वसलेलं. इंदिरा गांधींचं नाव, आखीव रस्ते, गुलमोहर आणि मधोमध डिफेन्स कॉलनी. निवृत्त अधिकाऱ्यांनी तिथे बंगले बांधले तेव्हा हा भाग गावाबाहेर होता. आता त्याच हंड्रेड फीट रोडवर रात्री अकरा वाजता गाडी लावायला जागा मिळत नाही. एका बाजूला अडीचशे-तीनशे रुपयांची कॉफी, आणि सीएमएच रोडकडे वळलात की दर्शिनीत उभ्या उभ्या प्यायची वीस रुपयांची. तुम्हाला म्हणून सांगतो, दुसरी अधिक चांगली असते. पूर्वेला थोडं चालत गेलं की थिप्पसंद्राचा बाजार लागतो. भाजी, स्टीलची भांडी, झेरॉक्स आणि प्रत्येक गल्लीत चार-पाच पीजी. इंदिरानगरात शिकणारी, नोकरी शोधणारी, बाहेरगावची बहुतेक मुलं झोपायला तिथे जातात.

तिथल्याच एका पीजीत गेल्या ऑगस्टपासून आमच्या सुभेदारसाहेबांची मुलगी राहते.

सुभेदारसाहेब आणि मी एका पलटणीतले. मी नवा कॅप्टन होतो तेव्हा ते हवालदार होते, मी कंपनी कमांडर झालो तेव्हा माझ्या कंपनीत नायब सुभेदार. आता निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात गावी असतात आणि साताऱ्यात एका ठिकाणी सिक्युरिटीची नोकरी करतात. त्यांचा फोन आला, "साहेब, पोरगी इंजिनिअरिंगला तुमच्याच शहरात येतीय. जरा लक्ष असू द्या." एवढंच. जास्त बोलायची त्यांची सवय नाही. पण ज्या माणसाने बर्फात माझी माणसं सांभाळली, त्याने एक वाक्य बोललं तरी तो माझ्यासाठी आदेश असतो.

मुलगी रविवारी जेवायला येऊ लागली. आधी मला "सर" आणि बायकोला "मॅडम" म्हणायची. बायकोने दुसऱ्याच रविवारी "काकू म्हण, नाहीतर पोळी मिळणार नाही" असा दम भरला. तेव्हापासून काका-काकू.

दिवाळीच्या आधी एका रविवारी ती अभिमानाने वही घेऊन आली. "काका, तीन महिन्यांत 8,600 रुपये वाचवले." मी हिशेब पाहू लागलो. घरून दरमहा 14,000 यायचे. पीजीचे 9,000, त्यात सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. उरलेल्या 5,000 मध्ये बस, रिचार्ज, झेरॉक्स, साबण-तेल आणि दुपारचं जेवण. तिची रूममेट बेळगावची, मराठीच. तिला 'शक्ती' योजनेत साधी बस फुकट, कारण आधारवर कर्नाटकचा पत्ता. 2023 च्या जूनपासून राज्यातल्या बायकांना ही सवलत आहे. आमची साताऱ्याची, म्हणून तिकीट काढणार. "एकाच बसमध्ये, एकाच सीटवर, ती फुकट आणि मी पैसे देऊन," असं ती हसत सांगत होती.

वही सुरेख होती. तारीखवार, रकाने आखलेले. आणि त्यात एक रकाना होता 'दुपार'. त्यात 60, 60, 0, 0, 55, 0, 0, 0. ऑक्टोबरमध्ये तर आठवड्याला दोनच दिवस आकडा होता, बाकी शून्यं.

बायकोने माझ्या खांद्यावरून वही पाहिली आणि काही न बोलता आत जाऊन तिच्या ताटात आणखी भात वाढला.

मला राग आला नाही, खरं सांगायचं तर पोटात कालवलं. ती चैन करत नव्हती, उलट फार करत होती. वडिलांचा पगार किती, पेन्शन किती, रात्रपाळी कधी असते, तिला सगळं ठाऊक होतं. फोनवर मागून गाड्यांचे आवाज आले की बाबा आज डबल ड्यूटी करतायत, हे ती ओळखायची. मग दुसऱ्या दिवशी दुपारी शून्य.

आपण जुने लोक एकत्र बसलो की एक बढाई हमखास मारतो. 'आमच्या वेळी अकॅडमीत महिन्याला एवढ्याशा पैशात भागायचं!' भागायचं, यात शंका नाही. मी खडकवासल्याला होतो तेव्हा घरून पॉकेट मनी यायचा तो खरोखर पॉकेटपुरता. माझे वडील एसटीत कंडक्टर. तिकिटांचा आणि रोकडीचा हिशेब रोज रात्री जुळवणारा माणूस, त्यामुळे घरून आलेला रुपया कुठून आला हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. गोल मार्केटला जायचं, लिबर्टीच्या रविवारी पुण्यात काहीतरी चापायचं, संपलं. पण मित्रहो, तिथे छप्पर सरकारचं होतं, वर्दी, पुस्तकं, दवाखाना सरकारचा होता, आणि मेसमध्ये कोणी ताट मोजत नव्हतं. शिक्षा झाली असेल तर घाईत जेवलो असू, पण उपाशी कोणी ठेवलं नाही. ती काटकसर नव्हे, ती सोय होती. थिप्पसंद्रातल्या तीन खाटांच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला आपण तो दाखला देऊ नये.

मी तिला एवढंच विचारलं, "तुझ्या बाबांनी पलटणीत कधी लंगरचं राशन कापून पैसे वाचवलेले ऐकलेस?" ती गप्प. मग म्हणाली, "नाही. ते म्हणतात, लंगर शेवटी."

"मग तुझी पलटण वेगळी आहे का?"

त्या दिवशी आम्ही वही पुन्हा मांडली. फौजेतलं जे येतं तेच मी शिकवणार. जवानाच्या अंगावर असतो तो दारूगोळा फर्स्ट लाइन, मागे गाडीवर असतो तो सेकंड लाइन, आणि त्याच्या मागे रिझर्व्ह. जवानाला सगळा साठा अंगावर देत नाहीत, कारण असलेला चालवला जातो. तिचं सगळं एकाच खात्यात होतं आणि त्याच खात्यावर फोनमधलं यूपीआय. सेमिस्टरच्या परीक्षेची फी, दुपारची इडली आणि रिचार्ज एकाच डबक्यातून. मग तिला भीती वाटणारच. फीचे पैसे संपतील या भीतीनेच ती दुपारची उपाशी राहत होती.

म्हणून दोन खाती. जुनं खातं रिझर्व्ह. त्यावरून यूपीआय काढून टाकलं आणि त्याचं डेबिट कार्ड आमच्या कपाटात ठेवलं, तिच्याच सांगण्यावरून. दुसऱ्या खात्यात दर सोमवारी ठरलेली रक्कम, त्यात दुपारचं जेवण पहिलं. आठवड्यात उरलं तर तिचं, कुल्फी खा नाहीतर सिनेमा बघ, हिशेब द्यायचा नाही. कमी पडलं तर पुढच्या सोमवारची वाट. वही चालू ठेव म्हटलं, कारण यूपीआय 2016 मध्ये आल्यापासून पैसा हातातून जाताना हाताला कळत नाही. नोट मोडताना जीव थोडा कळवळायचा, तो आता कळवळत नाही. लिहिताना कळवळतो.

(कमिशन मिळालं तेव्हा माझा बेसिक 8,250 होता. एका सीनियरने पहिल्याच महिन्यात डीएसओपी फंडाची वर्गणी वाढवायला लावली. पगार हातात यायच्या आधीच तो भाग कापला गेला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ती रक्कम मला कधी दिसलीच नाही, म्हणून आठवलीही नाही. सोमवारची कल्पना तिथलीच आहे.)

ताक पिताना तिने सहज विचारलं, "काका, बँक खातं भाड्याने देणं चालतं का?"

माझा पेला हातातच राहिला.

झालं असं होतं की वर्गातल्या एका मुलाच्या ओळखीच्या कोणीतरी सांगितलं होतं, खातं आणि कार्ड महिनाभर वापरायला द्या, 5,000 रुपये मिळतील. कंपनीचे पैसे फक्त 'फिरवायचे' आहेत. हिच्या हिशेबात ते 5,000 म्हणजे बाबांच्या काही डबल ड्यूट्या. ती विचार करत होती.

याला म्यूल खातं म्हणतात. कोणा म्हाताऱ्याला 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालून लुबाडलेले पैसे अशा खात्यात येतात आणि काही मिनिटांत पुढच्या खात्यात जातात. चोर सापडो न सापडो, पोलिसांच्या हाती पहिलं नाव लागतं ते खातेदाराचं. खातं गोठतं, दुसऱ्या राज्यातून नोटीस येते, आणि 'मला माहीत नव्हतं' हे विशीतल्या पोरीला सिद्ध करत बसावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या इथल्या, बेंगळुरूतल्याच इनोव्हेशन हबने अशी खाती हुडकायला 'म्यूलहंटर' नावाची यंत्रणा तयार केली आहे. म्हणजे हा प्रकार किती पसरलाय ते समजा. मी तिला स्पष्ट सांगितलं. तिने माझ्यासमोर त्या मुलाला फोन केला, 1930 या हेल्पलाइनचा नंबरही दिला. त्याने खातं आधीच दिलेलं होतं. दोन आठवड्यांनी ते गोठलं, आत घरून आलेली फी होती. त्याचे वडील गावाहून आले. पुढचं मी इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

आता माजी सैनिक वाचकांनी जरा नीट वाचावं असा भाग. मी सुभेदारसाहेबांना फोन करून विचारलं, पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का? म्हणाले, "साहेब, ती शहीद जवानांच्या मुलांसाठी असते." तसं नाही. प्राधान्य त्या मुलांना असतं, असायलाच हवं. पण जेसीओ आणि जवानांच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या मुलांनाही ती मिळते. केंद्रीय सैनिक बोर्ड देतं, बारावीला 60 टक्के लागतात, मुलींना महिन्याला 3,000 आणि मुलांना 2,500. मुख्य गोम अशी की व्यावसायिक पदवीच्या पहिल्याच वर्षी अर्ज करावा लागतो. दुसऱ्या वर्षी जाग आली तर दार बंद. सुभेदारसाहेब दुसऱ्याच दिवशी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हजर. सोबत डिस्चार्ज बुक, मार्कशीट, सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये. अर्ज वेळेत गेला. यादी अजून लागायची आहे.

खरी लढाई झाली ती मात्र शिकवणीवरून. आमच्या घरमालकांच्या नातीला गणित जड जात होतं. सुभेदारसाहेबांची पोरगी आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवू लागली, महिन्याला 3,000. तिने घरी सांगितलं, "बाबा, पुढच्या महिन्यापासून दोन हजार कमी पाठवा." तिकडे शांतता. रात्री मला फोन.

"साहेब, माझी पोरगी लोकांच्या घरी शिकवण्या करती?"

आवाज चढलेला नव्हता, पण दुखावलेला होता. मला त्यांचं म्हणणं समजत होतं. तीस वर्षं या माणसाने घराला काही कमी पडू दिलं नाही, त्याला आता मुलगी 'कमी पाठवा' म्हणते. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही साताऱ्याचे. कर्मवीर अण्णांनी तुमच्याच साताऱ्यात कमवा आणि शिका म्हणत कॉलेज काढलं. पोरं शेतात राबून शिकली, त्यांच्या बापांची मान खाली गेली का?" ते काही बोलले नाहीत. अण्णांचं नाव घेतल्यावर साताऱ्यात कोणी वाद घालत नाही हे मला माहीत होतं, हे कबूल करतो.

मग मी दुसरा हिशेब मांडला. तिच्या शिक्षणासाठी साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज मंजूर आहे, विनातारण. पहिल्या वर्षी बँकेने त्यातले 2,40,000 दिले. शिकत असताना हप्ता नसतो, म्हणून घरोघरी आपण समजतो की कर्ज झोपलंय. ते झोपत नाही. व्याज दहा टक्क्यांच्या आसपास धरलं तर वर्षाला 24,000, महिन्याला 2,000. शिक्षण चालू असेपर्यंत ते सरळव्याजाने साचतं आणि परतफेड सुरू होताना मुद्दलात मिसळतं, मग व्याजावरही व्याज. आताच दरमहा भरत गेलं तर ते साचणार नाही, आणि शिकताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. तिच्या बँकेला विचारलं, देते म्हणाले.

"म्हणजे पैसे मी चौदाच पाठवायचे?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"चौदाच पाठवा. शिकवणीचे दोन हजार ती कर्जखात्यात भरेल. उरलेले हजार तिचे."

"आणि दुपारचं जेवण?"

तिने त्यांना शून्यांचं सांगितलं होतं की त्यांनी स्वतः ओळखलं होतं, मी विचारलं नाही. "रोज," म्हटलं. "वही मी बघतो."

कर्जात सुभेदारसाहेब सहकर्जदार आहेत, त्यामुळे खात्यात रक्कम जमा झाली की बँकेचा मेसेज त्यांच्या फोनवर जातो. दर महिन्याच्या पाच तारखेला तो मेसेज ते मला पुढे पाठवतात. सोबत एक अक्षर लिहीत नाहीत.