पाहुण्यांचा बंदोबस्त

'बंदोबस्त' हा शब्द आम्हा शिराळकरांना बाराखडीच्या आधी येतो. इतर गावांतली पोरे पोलीस दिसला की आईच्या पदराआड लपतात. आमच्याकडची पोरे पोलीस दिसला की घरात जाऊन लाह्या मागतात. कारण खाकी टोपी दिसली की पंचमी आली, हे त्यांना पक्के ठाऊक असते. श्रावणाच्या चार सरी पडल्या की भुईतून छत्र्या उगवाव्यात तशा आमच्या गावात टोप्या उगवतात. रस्त्यावर लोखंडी अडसर येतात, गाड्या गावाबाहेर थोपवल्या जातात, आणि एरवी ज्या गावात यायला एसटी दोनदा विचार करते त्या गावात शिरायला माणसाला परवानगी लागते.

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी मी काय सांगावी? पूर्वी मडक्यांतून जिवंत नाग निघत, त्यांची पूजा होई, मिरवणूक निघे, आणि ते बघायला मुंबई-पुण्यापासून माणूस लोटे. मग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार घेऊन प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जिवंत नाग बंद झाले आणि प्रतिमेची पूजा सुरू झाली. २०२५ साली केंद्र सरकारने अभ्यासासाठी म्हणून २१ नाग पकडायला परवानगी दिली. म्हणजे नाग किती, हे आता मोजून ठरले. पाहुणे किती, हे मात्र अजून कोणाला मोजता आलेले नाही. त्यामुळे बंदोबस्त नागांपेक्षा पाहुण्यांचाच जास्त असतो.

या बंदोबस्तात एका पंचमीला आमचा मेहुणा सापडला. आप्पा कोल्हापूरचा. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणीने भावासाठी उपवास धरायचा, अशी रीत. आमच्या सौ.ने तो धरला होता. ज्याच्यासाठी धरला तो भाऊ दुसऱ्या दिवशी नाक्यावर अडकला. स्कूटर तिथेच लावायला लावली, आणि बहिणीसाठी आणलेले लुगडे बगलेत मारून स्वारी चिखल तुडवत दीड तासाने दारात उभी राहिली.

"दाजी," तो म्हणाला, "तुमच्या गावाला यायचं म्हंजे पासपोर्ट काढायला लागतोय काय?"

मी ओट्यावर आरामात बसून दिंड खात होतो. मास्तरकीची पस्तीस वर्षे अंगात भिनलेली. म्हणालो, "आप्पा, बंदोबस्त म्हणजे शिस्त. बाहेरच्या माणसांना आवरावंच लागतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवले नाही, पण नियतीने ठेवले.

आता आप्पाविषयी. तो कोल्हापुरातल्या एका पेठेत राहतो. कोणत्या, ते सांगत नाही. अजून मला सासुरवाडीला जायचे आहे. कोल्हापूरचे फुटबॉल ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना वाटते की तिथे फक्त कुस्ती आणि तांबडा रस्सा असतो. पण तिथे ज्या तालमीत तांबड्या मातीत पोरे घुमतात त्याच तालमीच्या नावाचा फुटबॉलचा संघही असतो. मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम, शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. ही नावे तिथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकाने अर्ध्या फळीने बंद होतात. विश्वचषक असला तर ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या खेळाडूंचे दोन-दोन मजली फलक चौकात लागतात, आणि ज्याने आयुष्यात सांगलीच्या पलीकडे पाऊल टाकलेले नाही असा म्हातारा पानाच्या ठेल्यावर मेस्सीच्या गुडघ्याची काळजी करत बसतो.

यातला 'पाहुणा संघ' कोण? विलायतेत पाहुण्या संघाचे पाठीराखे आगगाडीने दोनशे मैल जातात. कोल्हापुरात पाहुणा संघ पलीकडच्या गल्लीतून येतो. वाटेत चप्पल शिवून घेऊन, बहिणीकडे चहा पिऊनही त्याला वेळेवर पोचता येते. आप्पाची बायको त्या पलीकडच्या गल्लीतलीच. सामन्याच्या दिवशी त्या घरात भाजी एकच होते, पण ताटे दोन खोल्यांत वाढली जातात. पोलिसांची मात्र पंचाईत होते. फ्रान्समध्ये प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरासारखा अधिकारी, फतवा काढून पाहुण्या पाठीराख्यांना अमक्या दिवशी अमक्या शहरात यायलाच बंदी करतो. अर्जेंटिनाने २०१३ साली पाहुण्यांना मैदानावर येऊच द्यायचे नाही असे ठरवले. इंग्लंडात धोक्याच्या सामन्याला पाहुण्यांनी नेमून दिलेल्या बसनेच यायचे आणि तिकीट वाटेत हातात मिळायचे, अशीही तऱ्हा आहे. वऱ्हाडाच्या गाडीत बसल्याशिवाय अक्षता मिळणार नाहीत, तसे. कोल्हापुरात हे कसे जमावे? वऱ्हाड आणि मांडव एकाच बोळात!

हे सगळे हसण्यावारी नेण्याजोगे नाही, तेही खरे. १६ ऑगस्ट १९८० ला कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात दंगल झाली, चेंगराचेंगरीत सोळा माणसे गेली. सामना बघायला म्हणून जेवून निघालेली माणसे. १९८५ साली ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर एकोणचाळीस मेली, आणि इंग्लंडच्या संघांना पाच वर्षे युरोपात पाय ठेवता आला नाही. तेव्हा पोलिसाच्या हातातले दांडके हौसेचे नसते. पण चारच वर्षांनी, १९८९ साली, इंग्लंडातल्या हिल्सबरो मैदानावर प्रेक्षक दंगलखोर असणार असे धरून उभारलेल्या जाळीच्या कुंपणापाशी माणसे चिरडली. मृतांचा आकडा शेवटी सत्त्याण्णव झाला. पहिल्याने सारा दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला, आणि तो पुसायला मेलेल्यांच्या घरच्यांना सत्तावीस वर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. २०१६ साली ज्यूरीने सांगितले की प्रेक्षकांचा दोष नव्हता. हे मी वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मान हलवून घडी घातली. दुसऱ्याच्या गावची गोष्ट माणूस घडी घालूनच ठेवतो.

आता माझ्या घरची सांगतो.

आमचा विक्या पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला उठून मोरणेच्या काठाने धावायचा. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. घरात तीन वर्षे दुसरा विषय नव्हता. आमच्या तालुक्यातले निम्मे तरुण पहाटे पोलीस व्हायला धावत असतात. रविवारी मात्र विक्या मामाकडे कोल्हापूरला. मामाच्या पेठेचा सामना म्हणजे भाच्याला हजर राहणे आलेच.

एका हंगामात अंतिम सामन्याला तो असाच गेला. दोन पेठांना दोन दरवाजे, मधे पोलीस. जिंकले तरी मिरवणूक काढायची नाही, नेमून दिलेल्या वाटेने मुकाट घरी जायचे, अशी आधीच ताकीद. सामना संपला, कोणीतरी दगड मारला. कोणी मारला? त्या गोष्टीवर मात्र दोन्ही पेठांचे एकमत झाले: "बाहेरची पोरं हुती."

हे 'बाहेरची पोरं' प्रकरण मोठे सोयीचे आहे. आमच्याकडे पंचमीला कोणाचे पाकीट गेले, कोणाला धक्का लागला, की आम्हीही हेच म्हणतो. प्रत्येक गाव सज्जन असते. दंगा नेहमी शेजारच्या गावाहून येतो.

पोलिसांनी हाताला लागली ती चाळीसेक पोरे गाडीत घातली. रात्री दहाला आप्पाचा फोन आला. "दाजी, घाबरायचं कारण न्हाई," अशी सुरुवात केल्यामुळे आम्ही ताबडतोब घाबरलो. सौ. देवापाशी जाऊन बसली. मी शेजाऱ्याची जीप काढायला लावली.

ठाण्यात पोचलो तर पेठांतली पोरे निघून गेली होती. तालमीची वडीलधारी मंडळी येऊन हमी देऊन घेऊन गेली. उरली ती बाहेरची. त्यांची हमी द्यायला तालीम कुठून आणायची? बाकावर आमचा विक्या, एका पायात चप्पल. माझ्याकडे बघून त्याने मान खाली घातली. तीन वर्षांच्या पहाटा त्या मानेवर होत्या. भरतीच्या वेळी चारित्र्याची पडताळणी होते. नाव एकदा गुन्ह्याच्या कागदात चढले की माणूस सोळाशे मीटर कितीही धावो, तो कागद त्याच्या पुढेच धावतो.

टेबलामागे मिशा पिकत आलेले हवालदार होते. मी नमस्कार करून म्हणालो, "साहेब, मुलगा नुसता सामना बघायला आला होता."

ते वर न बघता म्हणाले, "गुरुजी, बाहेरच्यांना आवरायलाच लागतंय."

माझे वाक्य! जसेच्या तसे! आप्पा शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितले नाही, हे त्याचे माझ्यावर आयुष्यभराचे उपकार आहेत.

"गाव कुठलं?" हवालदारांनी विचारले.

"शिराळा."

आता त्यांनी मान वर केली. "बत्तीस शिराळा? पंचमीच्या बंदोबस्ताला होतो की मी एका वर्षी! बाहेरून कुमक मागवलेली. पहाटेपास्नं उभा, पावसात. दुपारी एका म्हातारीनं पानावर दिंडं आणून दिली. गरम, वर तुपाची धार. सगळी भाविक देवाला दाखवत होती, म्हातारी पोलिसाला दाखवत होती. तुमचंच घर न्हवं ते?"

वाचकहो, त्या क्षणी माझ्या जिभेवर 'हो' येऊन बसले होते. एका अक्षराचे काम. माझ्या आईला जाऊन अकरा वर्षे झाली होती, ती काही नाकबूल करायला येणार नव्हती. पण पस्तीस वर्षे फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहून हात दुखलेला माणूस मी. आणि शेजारी बाकावर ते वाचून मोठा झालेला मुलगा. शिवाय आमचे घर आतल्या बोळात. तिथे पोलीस काय, टपालवालाही वाट चुकूनच येतो.

"नाही साहेब," मी म्हणालो. "आमच्या घरी पोलिसाला कधी दिंड मिळालेले नाही."

हवालदार थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "मिळालं असतं तरी सोडलं नसतं. वळखीवर सोडायला लागलो तर गजाआड मीच राहीन. चला, कॅमेऱ्यात बघू."

पडद्यावर मैदानाबाहेरचा रस्ता दिसला. दगड उडाला, गर्दी फुटली, आणि दगडाच्या बरोबर उलट्या दिशेने एक पोरगे, एका हातात भेळेचा पुडा धरून, असे काही सुटले की विचारता सोय नाही. वाटेत चप्पल गेली, पुडा गेला, वेग गेला नाही. हवालदारांनी ती फीत दोनदा बघितली. म्हणाले, "सोळाशे मीटर याला जड जाणार न्हाई." मग समज देऊन, कागदावर माझी सही घेऊन विक्याला सोडले. नाव गुन्ह्यात चढले नाही.

जीपमध्ये कोणी बोलले नाही. मी मात्र मनाशी घडी उलगडत होतो. ज्याने दगड मारला त्याला तडीपार करा, हवे तर. इंग्लंडात १९८९ च्या कायद्याने नाव घेऊन एकेकाला बंदी घालतात, परदेशी सामना असला तर त्याचा पासपोर्ट काढून घेतात. त्याला आपली तडीपारीच म्हणायची. नाव घेऊन, कोर्टात उभे करून. हे कडक आहे, पण समजते तरी. सगळ्या गावाला तडीपार करायचे म्हणजे काय? त्या रात्री कॅमेऱ्याचे तोंड दुसरीकडे असते तर? पुढच्या बाकावर एक पोरगे होते, तेही बाहेरगावचेच. ते कॅमेऱ्यात कुठेच सापडत नव्हते. आम्ही निघालो तेव्हा त्याच्या घरचे अजून आले नव्हते. त्याचे काय झाले, हे विचारायला मी परत गेलो नाही. ते मला अजून टोचते.

पुढच्या पंचमीला मी एक केले. दिंडांचा डबा आणि पाण्याची कळशी घेऊन नाक्यावर गेलो. अडसराच्या पलीकडे नेमका आप्पा उभा, बगलेत लुगडे. मला बघून हरखला. "दाजी, सांगा की यांना, घरचा माणूस हाय म्हणून!"

मी पोलिसांना दिंडे वाढली, आप्पालाही एक दिले, आणि त्याच्याबरोबर चिखलातून चालत घरी आलो. ओळख दाखवली नाही. वाटेत आप्पा मला शिव्या देत होता. पण दाजीला द्यायच्या म्हणून जपून.

विक्याची भरती झाली, कोल्हापूरलाच. पहिल्या हंगामात बंदोबस्त लागला तो फुटबॉलच्या मैदानावर. सुट्टीला घरी आला तेव्हा मी विचारले, "मग, फुकटात सामने बघतोस की रे!"

"कुठलं अण्णा? मैदानाकडं पाठ करून उभारायचं असतं, गर्दीकडं तोंड. गोल झाला ते लोकांच्या तोंडावरनं कळतंय."

"आणि मामा?"

"मामा समोरच. शिट्ट्या मारत हुता. मी दांडकं दाखवलं, तसा गप बसला."

सौ.ने त्याच्या पानात दुसरे दिंड वाढले. तो खाता खाता थांबला आणि म्हणाला, "साहेब सांगत्यात, बाहेरच्या पोरांवर नजर ठेव. पण अण्णा, समोरनं बघितलं की सगळी सारखीच दिसत्यात. बाहेरची ओळखायची कशी?"

मी पस्तीस वर्षे मास्तर होतो. पण पोराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसले की मास्तर जे करतो तेच मी केले. म्हणालो, "आधी जेवून घे."