भिवंडीच्या गल्लीतली पाण्याची नळी

भिवंडी पाहायची तर पाण्याच्या वेळेला शांतीनगर किंवा गैबीनगरच्या गल्लीत जावे. दोन्ही बाजूंना यंत्रमागांची खटखट, मधे गटार आणि गटाराच्या कडेने घरोघरी गेलेल्या हिरव्या-निळ्या नळ्या. शहराला वऱ्हाळा तलावाचे पाणी आहे, स्टेमचे आहे, मुंबई महापालिकेचेही आहे. पण आपल्या घागरीपर्यंत ते येते याच नळीतून.

जोडावर टपटप गळते, तिकडे कुणी पाहत नाही. पाणी वाया जाते एवढेच त्याचे नुकसान नाही. पाणी गेले की नळीतला दाब उतरतो, टिल्लू पंप लावला असेल तर तो ओढही घेतो. ज्या फटीतून पाणी बाहेर येत होते, तिच्यातूनच गटार आत जाते. पावसाळ्यात आमच्या हजेरीपटावर कावीळ आणि जुलाबाच्या रजा वाढतात, त्याचे एक कारण हेही आहे.

उपाय घरच्या घरी होतो. कडक झालेला रबरी वॉशर बदला. वॉशरच्या जोडाला टेप गुंडाळून उपयोग नाही. तिथे पाणी वॉशरच अडवतो. टेप आट्यांच्या जोडाला, आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळावी. नुसत्या चढवलेल्या नळीला सुतळी नको, स्टीलची क्लिप लावा. पान्याने जीव खाऊन आवळू नका, वॉशर चिरडतो. मग जोडाखाली कोरडा कागद धरून पाहा.

आणि जोड गटारात लोळू देऊ नका. भिंतीवर खिळा ठोकून वर टांगा. शेजारच्या खालाजानची नळीही त्याच खिळ्यावर मावेल.