सुपरमॅनची चेन पाठीमागे असते

सुपरमॅनचा ड्रेस पाठीमागून बंद होतो. मानेपासून कमरेपर्यंत लांबलचक चेन. छातीवर ते बोधचिन्ह असल्यामुळे चेन पुढे लावता येत नाही, असं आमच्या ड्रेसवाल्याचं म्हणणं. त्यामुळे जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला आपले कपडे आपल्या हाताने घालता येत नाहीत. कुणीतरी मागे उभं राहून चेन ओढावी लागते. माझी चेन ती ओढायची.

मी अंधेरीत राहतो आणि पोरांच्या वाढदिवसांना सुपरमॅन होतो. धंद्यात याला ‘कॅरेक्टर’ म्हणतात. फोन येतो तोच असा : “रविवारी मुलुंड, पाच ते सात, एक कॅरेक्टर.” दोन तासांचे १५०० रुपये, खाणं पार्टीवाल्यांचं, रिक्षा आपली. छोटा भीम आणि डोरेमॉनला मोठाली डोकी असतात. आत कोण आहे ते त्याच्या आईलाही ओळखू येत नाही. स्पायडरमॅनला मुखवटा असतो. सुपरमॅनचा चेहरा मात्र उघडा. कपाळावर जेलने वळवलेली एक बट, बाकी सगळं आपलंच. म्हणून दोन तास हसत राहावं लागतं, आणि हे हसणं उडण्यापेक्षा अवघड आहे. आपल्याकडचा लाडका परग्रहवासी म्हणजे २००३च्या ‘कोई... मिल गया’मधला जादू. त्या निळ्या कातडीच्या आत इंद्रवदन पुरोहित नावाचे नट होते. अख्ख्या देशाने जादूवर जीव लावला, पण पुरोहितांचा चेहरा त्यात कुणालाच दिसला नाही. मला कधीकधी त्यांचा हेवा वाटतो. जादूची शक्ती उन्हातून यायची आणि सुपरमॅनचीही आपल्या पिवळ्या सूर्यातून येते. मे महिन्यात पॉलिस्टरच्या ड्रेसमध्ये उभं राहिल्यावर ही कल्पना ज्याला सुचली तो मुंबईत कधी राहिला नसणार याची खात्री पटते.

मी मूळचा सटाण्याचा. घरी अहिराणी. मुंबईत आलो ते नट व्हायला. वर्सोव्याच्या आरामनगरात जुन्या बैठ्या बंगल्यांमधून कास्टिंगची ऑफिसं आहेत. दारातून डोकं आत घालायचं, “ऑडिशन चालू आहे का?” म्हणून विचारायचं. आतलं पोरगं मान वर करून एकदा आपल्याला वरपासून खालपर्यंत बघतं आणि म्हणतं, “नॉट फिट.” राग नाही, लोभ नाही. पुढचं दार. हिंदीवाल्यांना मी फार मराठी वाटायचो. मराठी मालिकांच्या ऑडिशनला गेलो की ऐकायला मिळायचं, “बाकी छान आहे, भाषा जरा गावाकडची येते.” रोल शेतकऱ्याचा असला तरी हेच. मालिकांतला शेतकरी कायम सातारा-कोल्हापूरकडचा असतो. आमच्या सटाण्याकडे, बागलाणात, बहुधा कुणी शेती करतच नाही. मग मी ‘शे’चं ‘आहे’ केलं, हेल घालवला, आरशासमोर बातम्या वाचल्या. आईचा रात्री फोन आला, “काय करी राहिना? जेवन झायं का?” की खोलीतल्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून जिन्यात जाऊन बोलायचो.

खोली म्हणजे कॉट. एकट्या माणसाला, त्यातही नटाला, घर देताना मालक आधी आपल्याकडे आणि मग एजंटकडे बघतो. अकरा महिन्यांचा करार, पोलीस पडताळणी, वर “रात्री मित्र आणायचे नाहीत, अंडं शिजवायचं नाही.” शेवटी गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी जागा मिळाली. अंधेरी पश्चिमेला दाटीवाटीच्या इमारतींमध्ये हा २०० फूट उंचीचा काळा खडक सरळसोट उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बसाल्ट, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. अंधेरीत इतका न शोभणारा दुसरा रहिवासी नाही, आणि त्याच्याकडे कुणी करारही मागत नाही. सुपरमॅनचा उत्तर ध्रुवाकडे एक एकांतवासाचा किल्ला आहे म्हणतात. मी सुट्टीच्या दिवशी गावदेवीच्या पायऱ्या चढतो.

ड्रेस घातला की मात्र सगळं उलटं. ज्या सोसायट्यांच्या गेटवर मी साध्या कपड्यांत गेलो तर चौकीदार तीनदा फोन लावून खात्री करेल, तिथे लाल केप दिसताच तो सलाम ठोकतो. नोंदवहीत नावाच्या रकान्यात ‘सुपरमॅन’ लिहितो आणि ‘कुठून आलात’ या रकान्यात फुली मारतो. लिफ्टमधल्या बायका सेल्फी मागतात. परग्रहावरून आलेला चालतो, सटाण्याहून आलेल्याची चौकशी होते.

ती पार्ट्यांची अँकर होती. जन्मापासून मुलुंडची. एकाच माईकवर मराठीतून गुजरातीत, तिथून हिंदीत, तिथून इंग्रजीत, मध्ये श्वास न घेता. चाळीस पोरं आणि त्यांच्या आज्या तिच्या एका आवाजावर खाली बसत. मी क्लबहाऊसच्या टॉयलेटबाहेर पाठ करून उभा राहायचो, ती चेन ओढायची, केपची हुकं लावायची आणि पाठीवर थाप मारून म्हणायची, “जा, जग वाचव.”

आम्ही भेटायचो घाटकोपरला. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४च्या जूनमध्ये सुरू झाली. अकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं. त्याआधी अंधेरीचा मुलगा आणि मुलुंडची मुलगी यांचं प्रेम रेल्वेने केलं तर दादरमार्गे करावं लागे आणि गर्दीत निम्म्यात बारगळतही असणार. आम्हाला ती सोय झाली. ती मध्य रेल्वेने यायची, मी मेट्रोने, आणि दोन स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या आसपास आमचा बराच काळ गेला. माणसांचा लोंढा अंगावरून जात असतो, तरी तिथे जो एकांत मिळतो तो बागेत मिळत नाही.

घरी येऊन आई-बाबांना भेट, असं ती म्हणत होती. मी म्हणायचो, एक रोल लागू दे. नाव सांगता येईल असा एक. हे बरंच चाललं. एका संध्याकाळी त्याच पुलावर ती म्हणाली, “मी थांबले असते रे. पण तू मुंबईत आलाच नाहीयेस अजून. तू सटाण्यात बसून यायची तयारी करतोयस.” ते मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही अर्धंच पटतं. तिला सांगायला बरंच होतं. पण मी आरशासमोर घासलेल्या मराठीत बोलत होतो, आणि त्या भाषेत भांडता येत नाही हे मला तेव्हा कळलं. ठाण्याची लोकल आली. ती गेली.

१९८०च्या ‘सुपरमॅन २’मध्ये क्रिस्टोफर रीव्हचा सुपरमॅन लॉइस लेनसाठी सगळी शक्ती सोडून देतो. साधा माणूस होतो, आणि रस्त्याकडेच्या एका खानावळीत कुणीतरी ट्रकवाला त्याला मार मार मारतो. मग जग संकटात येतं, शक्ती परत घ्यावी लागते, प्रेम सुटतं. शेवटी तो एक चुंबन घेऊन लॉइसच्या डोक्यातली सगळी आठवण पुसून टाकतो. लहानपणी सीडीवर हे पाहिलं तेव्हा ग्रेट वाटलं होतं. आता वाटतं, फार सोयीचं आहे हे. आमच्याकडे आठवण पुसायची सोय नव्हती, उलट पार्टीवाल्यांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर यादी आली : बोरिवली पश्चिम, योगीनगर. अँकर ती, कॅरेक्टर मी.

चेनचा प्रश्न होता. मी खोलीतल्या पोराकडून घरीच ओढून घेतली, वरून फुल शर्ट आणि पँट चढवली, केप पिशवीत. अंधेरी पश्चिमेहून मेट्रो धरली आणि क्लार्क केंटसारखा आत सुपरमॅन, बाहेर ऑफिसवाला असा दांडीला लटकत बोरिवलीला गेलो. कॉमिक्सवाल्यांनी क्लार्कला घाम आलेला कधी दाखवल्याचं मला आठवत नाही. शर्टाच्या बटणांतून लाल-पिवळं काहीतरी दिसत होतं. समोरची एक आजी बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, “मंडळाचं पथक का?” मी हो म्हटलं.

पार्टीत पहिला अर्धा तास बरा गेला. पोरांचा नेहमीचा हट्ट, “उडून दाखव!” याला माझं ठरलेलं उत्तर आहे आणि ते खरंही आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन दोस्तांनी सुपरमॅन जन्माला घातला, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८च्या पहिल्या अंकात तो आला, तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो फक्त लांब उड्या मारायचा. उडणं पुढच्या काही वर्षांत आलं. “मी जुना सुपरमॅन आहे,” असं म्हणून मी तीन खुर्च्यांवरून उडी मारतो. मोठ्यांना मी पुढची गोष्ट सांगत नाही. दोघंही ज्यू स्थलांतरितांच्या घरातले, आणि या परक्या पोराचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला विकले. आमच्या लाइनमध्ये ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ड्रेसवरच्या लाल चड्डीचंही एक आहे. सर्कशीतल्या पहिलवानांवरून घेतलेली ती चड्डी २०११मध्ये कॉमिक्समधून गेली, २०१३च्या सिनेमातही नव्हती. तेव्हापासून माझ्या चड्डीवर बारा-तेरा वर्षांची पोरं फिदीफिदी हसत. २०२५च्या जेम्स गनच्या सिनेमात ती परत आली आणि मी काही न करता आधुनिक झालो.

मग मुलाखतीचा खेळ आला. तिचं पाठांतर, माझं पाठांतर.

“सुपरमॅन, तुम्ही कुठून आलात?”

“क्रिप्टॉनहून!”

पुढच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या पोराने विचारलं, “क्रिप्टॉन कुठे आहे?”

याचं उत्तर “आकाशात, खूप खूप लांब.” माझ्या तोंडून गेलं, “मालेगावच्या पुढे.”

ती अँकर आहे, माईकवर थांबणं तिला माहीत नाही. ती थांबली. मग म्हणाली, “अच्छा. तिथे ट्रेन जाते?”

“मनमाडपर्यंत. पुढे एसटी.”

“पण क्रिप्टॉनचा ब्लास्ट झाला ना?” पोरगं पिक्चर बघून आलेलं होतं.

“झाला ना भो. पन एसटी चालू शे.”

मागे बसलेले एक आजोबा मोठ्याने हसले. ते धुळ्याचे निघाले. पुढची दहा मिनिटं मी अहिराणीत सुपरमॅन होतो. पोरांना कळत काहीच नव्हतं आणि मजा सगळ्यात जास्त आली होती. ती भाषांतर करत होती, बरंचसं चुकीचं. मला तिचा राग आला नाही, एवढंच त्या दिवसाबद्दल सांगता येईल. निघताना तिने पाठीमागे येऊन केपचं एक निसटलेलं हुक लावलं आणि काही न बोलता बलूनवाल्याचा हिशोब करायला गेली.

मालेगावचं नाव उगीच आलं नव्हतं. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला सुपरमॅन म्हटलं की न्यूयॉर्क नाही, मालेगाव आठवतं. नासिर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवायचे. त्यांनी २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला आणि पुढे मालेगावचा सुपरमॅन. सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, किरकोळ अंगाचा. फैजा अहमद खान यांनी त्या शूटिंगवर २००८मध्ये माहितीपट केला. शफीक पुढे कॅन्सरने गेला. २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला तेव्हा मी तो अंधेरीत दुपारच्या शोला एकट्याने पाहिला. आजूबाजूला लोक रडत होते. मी शशांक अरोराच्या अंगावरचा ड्रेस बघत होतो आणि मला वेगळाच राग येत होता. इतकी वर्षं मी ज्या दारांतून डोकं घालत होतो, तशी दारंच या माणसांनी ठेवली नव्हती. शफीकला कुणी नॉट फिट म्हणणार कसं? निवडणारे त्याच्याच गल्लीतले होते. क्रिप्टॉनच्या पोराने मालेगावची हिंदी-उर्दू बोलायची, यात तिथे कुणालाच खटकलं नाही. उलट सुपरमॅन इथलाच, असं ते धरूनच चालले. मी मात्र सटाण्याहून निघतानाच परग्रहवासी झालो होतो.

तिचं लग्न झालं. मुलगा ठाण्याचा, चांगला आहे असं कळलं. ग्रुपमधून ती बाहेर पडली, नवीन अँकर आली. ती पोरांना “गाईज” म्हणते. ऑडिशनला मी अजून जातो. आईचा फोन आता खोलीतच घेतो. कॉटवरच्या बाकीच्यांना माझ्या आईची तब्येत, गायीचं दूध आणि कांद्याचा भाव पाठ झालाय.

परवा कोऑर्डिनेटरचा फोन आला.

“शनिवारी घाटकोपर, पंतनगर. पार्टी मराठी आहे. कॅरेक्टर प्लस गोष्ट सांगायची. सुपरमॅन कुठून आला वगैरे. जमेल?”

“जमेल.”

“आणि तुझ्या त्या भाषेत सांग.”

“कोणत्या?”

“ती रे, मालेगावच्या पुढची. बोरिवलीचा व्हिडिओ फिरतोय कुठेतरी, त्यांना तसंच पाहिजे.”

मी २००० सांगितले. तो म्हणाला, कॅरेक्टरचा रेट ठरलेला आहे. मी म्हटलं, कॅरेक्टरचा आहे, भाषेचा नाही. १८०० वर आला. रिक्षा मात्र आपलीच.