नटराजाच्या गावाला

पुदुच्चेरीत समुद्राच्या अगदी जवळ फ्रेंच इन्स्टिट्यूटची जुनी वास्तू आहे. १९५५ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या लोकांनी तमिळ मुलखातली देवळं गावोगाव हिंडून छायाचित्रांत टिपली. त्या संग्रहात आज लाखाहून अधिक छायाचित्रं आहेत. शिल्पांचा अभ्यास करणाऱ्यांना उपयोग व्हावा, एवढाच ती काढणाऱ्यांचा हेतू होता. मी तिथे गेलो तो १९९४ सालचं एक छायाचित्र मनात धरून. अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंथन गावच्या बृहदीश्वर मंदिरातला तो चोळकालीन नटराज.

हाच नटराज २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने, कॅनबेरात, ५० लाख अमेरिकी डॉलर मोजून विकत घेतला. विकणारा होता न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर. मूर्तीबरोबर कागदपत्रंही आली. दिल्लीत राहिलेल्या एका सुदानी मुत्सद्द्याने ती १९७०च्या सुमारास खरेदी केली आणि ती पुढे त्याच्या पत्नीकडे राहिली, असा त्यांचा मथितार्थ. साल मुद्दाम निवडलेलं होतं. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक बंधनं घालणारा आपला कायदा १९७२चा, आणि जगभरची संग्रहालयं ज्याला सीमारेषा मानतात तो युनेस्कोचा करार १९७०चा. पण १९९४ साली गावच्या देवळात उभी असलेली मूर्ती १९७० साली दिल्लीत विकली गेली कशी? त्या एका छायाचित्राने सगळी कागदपत्रं खोटी पाडली.

ओतीव मूर्तींच्या बाबतीत ही ओळख पटवता येते, कारण चोळांच्या मूर्ती मेण वितळवून ओतलेल्या. धातू आत गेला की साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढायची, त्यामुळे दुसरी तशीच मूर्ती होत नाही. प्रभावळीच्या ज्वाळा, जटांची फेक, पायाखाली दबलेल्या मुयलकन या बुटक्या राक्षसाची मान, पीठावरचे ओरखडे, हे सगळं ताडून पाहता येतं. हे ताडून पाहण्याचं काम कितीतरी वर्षं मोबदल्याची अपेक्षा न ठेवता काही मूर्तिप्रेमींनी केलं. त्यांतल्या एस. विजय कुमार यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. सिंगापुरात नोकरी सांभाळून या माणसाने जुनी छायाचित्रं आणि संग्रहालयांच्या सूची शेजारी शेजारी ठेवल्या.

पुदुच्चेरीहून मी आधी वृद्धाचलमला गेलो. वृद्धगिरीश्वराचं देऊळ प्रचंड आहे. गोपुरातून आत शिरल्यावर कुठल्या कोनाड्याकडे आधी पाहावं ते कळत नाही. मला पाहायचा होता तो अर्धनारीश्वराचा कोनाडा. तिथली जुनी दगडी मूर्ती निघाली सिडनीत, न्यू साउथ वेल्सच्या कलादालनात. २००४ साली तीन लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलेली, त्याच व्यापाऱ्याकडून. वर्दळीच्या मंदिराच्या भिंतीतून दगडाची मूर्ती निघून जाते आणि वर्षानुवर्षं बोभाटा होत नाही, याचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

वृद्धाचलमपासून जयंकोंडमकडे जाताना तांबडी माती लागते, काजूच्या बागा लागतात. जयंकोंडमहून गावाकडे वळलो. श्रीपुरंथनचं देऊळ तसं साधं. सोबतचा तमिळ मित्र दुभाष्या झाला म्हणून माझं निभावलं. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्याने ‘ऐया’ म्हणून हाक मारली आणि आमचं येणं सांगितलं. म्हातारा उठला, आम्हाला देवळापर्यंत घेऊन आला.

इथली नित्यपूजा बंद पडली होती, दार लावलेलं असे. २००६च्या सुमारास चोरांनी आतल्या मूर्ती नेल्या, आणि गावाला ते कळलं २००८ साली, दार उघडल्यावर. तोवर नटराज कॅनबेरात पोचला होता. इथला गणपती अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या संग्रहालयात आणि उमा सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये गेली होती. एका गाभाऱ्यातली दैवतं तीन खंडांत वाटली गेली. गावात पूजा चालू असती, रोज सकाळी कुणी दिवा लावत असता, तर चोरी दुसऱ्या दिवशीच उघडकीस आली असती. चोरांच्या पथ्यावर पडलं ते हे ओस पडलेपण, आणि त्याची जबाबदारी आपली आहे.

कपूरला २०११ साली फ्रँकफर्टला अटक झाली, पुढच्या वर्षी भारतात आणलं गेलं, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने उदयारपालयमच्या मूर्तिचोरीच्या खटल्यात त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. नटराज आणि अर्धनारीश्वर सप्टेंबर २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी दिल्लीत नरेंद्र मोदींच्या स्वाधीन केले. त्यानंतर नटराज आला तो कुंभकोणमला, मूर्ती सुरक्षित ठेवण्याच्या सरकारी केंद्रात. म्हाताऱ्याला मी विचारलं, देव परत आल्याचं कळलं तेव्हा काय वाटलं? मित्राने उत्तर मराठीत आणलं ते असं: “देशात आले, हे बरं झालं. पण गावात आले नाहीत.”

यावर सोपा उपाय नाही. पहारा, गजर, पुजाऱ्याचा पगार यांची सोय नसलेल्या देवळात मूर्ती नेऊन ठेवली तर ती पुन्हा जाईल. तरीही कुलूपबंद खोलीत शेकडो मूर्तींबरोबर उभं राहणं हा नटराजाचा मुक्काम नव्हे. उत्सवमूर्ती घडवतात ती मिरवणुकीला बाहेर पडण्यासाठी. पीठाला दांडे अडकवायची भोकं असतात ती त्यासाठीच.

कोळ्ळिडम नदी ओलांडून कुंभकोणम, तिथून स्वामीमलै. तिथले स्थपती आजही कावेरीच्या गाळाची माती मेणावर लिंपून मूर्ती ओततात. तिथे थोडा वेळच थांबलो, कारण ओढ लागली होती तंजावरची.

चोळ राजा राजराजाने १०१० साली पुरं केलेल्या मोठ्या देवळाच्या भिंतींवर त्याच्या काळचे लेख आहेत. त्यांत देवळाला दिलेल्या धातूच्या मूर्तींची नोंद आहे: कोणी दिली, किती हात, पायापासून केसांपर्यंत उंची किती मुळम आणि किती विरल, प्रभावळ कशी, दागिने कोणते आणि वजनाला किती. हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनांनी मालकीचा इतिहास दगडात कोरून ठेवला आहे, मालक म्हणून देवाचं नाव घालून. लंडनच्या न्यायालयानेही हे तत्त्व १९८८ साली मान्य केलं. लंडनला पोचलेल्या पत्तूरच्या नटराजाच्या खटल्यात देवळाला वादी म्हणून उभं राहता आलं आणि नटराज १९९१ साली परत आला.

त्याच देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसल्यांचा लांबलचक मराठी लेखही आहे. तंजावरला जाणारा मराठी माणूस तो वाचायला थांबतो आणि राजराजाच्या ओळींवरून पुढे निघून जातो. दोन्ही वाचावेत.

कॅनबेराच्या दालनाने २०२१ साली नवं धोरण जाहीर केलं: वस्तू चोरीची असण्याची शक्यता अधिक वाटली, तर ती परत करायची. त्याच वर्षी १४ कलाकृती भारताला परत द्यायचंही ठरलं. ते उत्तम झालं. पण राजराजाच्या यादीतल्या ज्या मूर्ती आज देवळात नाहीत, त्यांची मापं भिंतीवर तशीच आहेत. युरोप-अमेरिकेतल्या ज्या संग्रहालयांकडे चोळकालीन मूर्ती आहेत, त्यांनी त्या मापांशी आपल्या मूर्ती जुळवून पाहाव्यात. त्यासाठी भारताच्या पत्राची वाट पाहायचं कारण नाही.