धोतऱ्याचा काढा

तुमच्या उकिरड्याकडेला किंवा पडीक जागेत धोतरा असेलच. महाशिवरात्रीला ज्याची फुले आणि काटेरी फळे पिंडीवर वाहता, तोच. त्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो.

माझ्या वडिलांना दमा होता. धाप लागली की धोतऱ्याचे सुके पान चिलमीत घालून ते दोन झुरके घेत. थोड्या वेळाने छाती मोकळी होई. पुढे शेतकी पदवी घेतली तेव्हा कारण कळले. पानात अ‍ॅट्रोपीनसारखी द्रव्ये असतात, त्यांनी आवळलेल्या श्वासनळ्या सैल होतात. झाले! शेजारच्या काकांना मी ऐटीत सांगितले, "हे औषध शास्त्रोक्त आहे." काका चिलीम ओढत नसत. त्यांनी पानांचा काढा करून घेतला.

दिवेलागणीला काकू धावत आल्या. काका अंगणात बसून हवेतले दोरे वेचीत होते! तोंड कोरडे ठक्क, अंग तापलेले पण घामाचा थेंब नाही, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. घरच्यांनाही ओळखेनात. कोणी म्हणाले, देवऋषी आणा. आम्ही दुधाच्या जीपमधून दवाखाना गाठला. तिसऱ्या दिवशी काका भानावर आले. ते मला काही बोलले नाहीत. काकू मात्र बोलल्या, आणि बरोबर बोलल्या.

द्रव्य कोणते ते मी शिकलो होतो, पण कोणत्या पानात ते किती आहे हे पाहून कळत नाही. झाडाचे वय, जमीन, हंगाम, सगळ्यांनी ते बदलते. बी तर फारच जहाल. दम्याच्या काही पंपांत अ‍ॅट्रोपीनपासूनच घडवलेले औषध असते, पण प्रत्येक झुरक्याला मोजून.

आणखी एक. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना माणसे दगावली, हे तुम्हांला आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची बाधा झाली की लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात. तेव्हा डॉक्टर अ‍ॅट्रोपीनचेच इंजेक्शन देतात. म्हणून कोणी घरी धोतरा वाटून पाजायला जाईल, तर तसे मुळीच करू नका. रोग्याला थेट दवाखान्यात न्या.

बांधावरचा धोतरा फळे पिकून तडकण्याआधीच उपटा, नाहीतर बी मळणीत धान्यात येते. उपटताना हाताला फडके गुंडाळा; तो हात डोळ्याला लावू नका. मुलांनी बी खाल्ले किंवा पाने भाजीत गेली, तर दवाखान्यात जाताना उरलेली भाजी किंवा झाडाची फांदी बरोबर न्या. आम्ही त्या संध्याकाळी काढ्याचे पातेले घासून टाकले होते.