भोंग्यातील अक्षरे

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन गाव लागते. भिवंडी तालुका म्हटला की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात. परंतु दिवाळी सरली की याच तालुक्यातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे येऊन आपले भोंगे उभारतात. उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा पावसाच्या तोंडापर्यंत, मुक्काम हलत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी उचलीचा फास पुरता सुटलेला नाही. आईबापांचे गाव सुटते, तशी मुलांची शाळाही सुटते.

कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेली मुले थायलंडच्या सीमाभागात आहेत. त्या देशाने २००५ साली कागदपत्रांवाचूनही त्यांना शाळा खुली केली. कातकरी तर याच मातीचे. तरीही भोंग्यात जन्मलेल्या मुलाजवळ जन्माचा दाखला पुष्कळदा नसतो. आपल्या बाळाचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत चढते. या बाळाचे नाव कोणत्या वहीत शोधावे? वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारू नये, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. मात्र दार उघडले तरी आतली भाषा परकीच असते.

मराठी शाळेतून सेमिनरीत गेलेल्या आम्हा मुलांना तत्त्वज्ञान इंग्रजीतून शिकावे लागले. उत्तर ठाऊक असूनही ओठ मिटून बसण्याचे दुःख मी जाणतो. आम्ही निदान जाणते होतो. घरी कातकरी बोली बोलणारे सहा वर्षांचे लेकरू पुस्तकी मराठीपुढे गप्प होते आणि आपण त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतो. कादोडी बोलणाऱ्या आजीच्या मांडीवर वाढलेल्या वसईकरांना हे निराळे सांगायला नको. व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, ती माणसाच्या या गरजेला ओळखूनच.

मार्ग नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुराख्यांच्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्टीवरच भोंगाशाळा भरवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, इतका साधा हा विचार आहे. त्यात एकच भर घालावीशी वाटते : पहिले अक्षर त्याच्या बोलीतील शब्दाचे असावे.

आपल्या घरांच्या भिंती ज्या विटांनी उभ्या राहिल्या, त्या वाहणाऱ्या हातांत पाटी देणे हा उपकार नव्हे; ते जुने देणे आहे.